दुपट्यावरची गादी

तमाम लहानथोर मंडळींस कळविण्यात येते की, संस्थाने विलीन झाल्यावर ह्या देशात एकही गादी शिल्लक राहिली नाही, हे म्हणणे साफ खोटे आहे. एक राहिली होती. लष्कर-ग्वाल्हेरीस, दाना ओलीत, आमच्या माजघरात, चौघडी दुपट्यावर. गादीवरच्या व्यक्तीस दात नव्हते, केस बेताचे होते, आणि सदरहू व्यक्ती दिवसातून किती वेळा गादी ओली करते याची मोजदाद ठेवणे शिष्टाचारास सोडून होते.

हे फर्मान माझं नव्हे, माझ्या सासऱ्यांचं. मी आपली वाचून दाखवणारी. गादीवरची व्यक्ती म्हणजे माझी लेक. आज ती स्वतःच्या निऱ्या स्वतः करते आणि यातलं काही घडलंच नाही असं म्हणते. पण बाळोती मी धूत होते, तेव्हा साक्ष माझीच धरावी लागेल.

मामंजी दरबारात नोकरीला होते. त्यांचं काम लोकांना बसवण्याचं. दसऱ्याच्या दरबारात कोणता सरदार कुठे, कुणाच्या डाव्या हाताला कोण, कुणाचं पाऊल गालिच्यावर पडेल आणि कुणाचं सतरंजीवर, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. चुलत्याला पुतण्याच्या खाली बसवलं तर तीन पिढ्यांचं वैर कसं उभं राहतं, ते त्यांना ठाऊक होतं. आणि गंमत अशी, की ह्या सगळ्या बैठकीत त्यांना स्वतःला जागाच नव्हती. बसवणारा उभा असतो! त्याचा त्यांना इतका अभिमान, की घरच्या खुर्चीवरसुद्धा ते टेकल्यासारखे बसत. जणू कुणीतरी मोठं आत्ता येणार आहे आणि उठावं लागणार आहे.

मग संस्थान गेलं. मध्य भारत नावाचं राज्य झालं आणि थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी राजधानी हिंडू लागली. "राजधानी आहे का नाटक कंपनी?" मामंजी विचारत. आमचे हे सचिवालयात, त्यामुळे दर उन्हाळ्यात फायलींबरोबर इंदूरला रवाना होत. मामंजींना पेन्शन मिळाली आणि काम संपलं. एकदा ते कुठल्याशा जाहीर सभेला गेले आणि परत आले ते अंगात कणकण घेऊन. सासूबाईंनी काढा दिला आणि काय झालं म्हणून विचारलं.

"मंत्री मधोमध, ते ठीक," मामंजी कण्हत म्हणाले, "पण त्यांच्या उजव्या हाताला कोण बसला होता? माईकवाला!"

मी लग्न होऊन आले तेव्हा हे गृहस्थ सकाळची पूजा आटोपली की भिंतीकडे तोंड करून पडत. दाढीचे खुंट वाढलेले, कुणाशी बोलणं नाही. मी इंदूरची, आमच्याकडे घरात कुणी गप्प बसलं तर डॉक्टरला बोलावतात. पहिल्याच आठवड्यात मी चहा नेऊन दिला, तेव्हा भिंतीकडूनच प्रश्न आला, "तुमच्या इंदुरात बैठकीची रीत कशी असते, सुनबाई?"

"जो आधी येतो तो पंख्याखाली बसतो, मामंजी."

त्यांनी डोळे मिटले. 

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा सगळ्या मुलखाचा रिवाज. मी ट्रंक भरायला घेतली आणि भिंतीकडचं तोंड प्रथमच आपणहून इकडे वळलं. "इंदूरला? आमच्या घरची गादी इंदुरात जन्मणार? शक्य नाही." मी रडून पाहिलं, रुसून पाहिलं. शेवटी माझी आईच डिंकाचे लाडू, जुनी लुगडी आणि भरपूर राग असं गाठोडं बांधून ग्वाल्हेरला आली.

थंडीच्या ऐन कडाक्यात लेक झाली. सुईणीनं बाहेर येऊन पडेल आवाजात सांगितलं, "लड़की हुई है, बाबूजी." शेजारच्या काकूंनी "असू दे, असू दे, पहिली बेटी धन की पेटी," असं सांत्वनाला सुरुवात केली. मामंजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"वहिनी, 'काय झालं' असं बाजारात विचारतात. दरबारात विचारतात, 'कोण आलं?'"

आणि त्यांनी पगडी मागितली. ती ट्रंकेच्या तळाशी होती, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. ती डोक्यावर ठेवून, दाढी करून, माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी कमरेत वाकून मुजरा केला. माझी आई मला म्हणाली, "अगं, तुझ्या सासऱ्यांना बरं वाटत नाहीये का?" सासूबाई हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, आजच बरं वाटतंय."

त्या दिवसापासून माझी मुलगी 'सरकार' झाली. मामंजींनी तिच्याशी बोबडं बोलणं साफ नाकारलं. "आपण दूध घेतलंत का? ढेकर आली का? मग आता विश्रांती घ्यावी." मी लाडानं "ए ठमाकाकू" म्हटलं की लगेच ओसरीवरून खाकरणं ऐकू येई. "सुनबाई, गादीला 'ए' म्हणत नाहीत."

"मामंजी, तिनं आत्ता माझ्या पदरावर दूध ओकलंय."

"मग धुऊन टाका. पण 'ए' म्हणू नका."

आमच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवरसुद्धा मानाच्या जागा होत्या. उन्हाकडचं टोक मोठं. तिथे मामंजींचं उपरणं, मग यांचं धोतर, मग सदरे, आणि बायकांची लुगडी पार न्हाणीच्या बाजूला, जिथे ऊन पोचेस्तोवर संध्याकाळ होई. सरकारांची बाळोती आली आणि मामंजींनी स्वतः उठून आपलं उपरणं उचललं नि दोरीच्या शेवटी वाळत टाकलं. पहिल्या टोकाला बाळोत्यांची रांग लागली. थंडीभर त्या उपरण्याला ओलसर वास यायचा, पण पूजेला बसताना मामंजी ते अंगावर असं घेत, जणू काल मिळालेलं मानाचं वस्त्र.

भेटीला येणाऱ्यांची फारच तारांबळ. चपला बाहेर, हे एक वेळ समजू शकतं. पण सरकारांकडे पाठ करायची नाही, पाळण्यापासून उलटं चालत बाहेर पडायचं, हा मामंजींचा हुकूम. ग्वाल्हेरची जुनी माणसं बिचारी सवयीनं करीत. माझा धाकटा भाऊ इंदूरहून भाचीला बघायला आला. त्यानं तिचा गालगुच्चा घेतला, वळला, आणि पाळण्याकडे पाठ करून चालू लागला. "पाठ! पाठ!" मामंजी ओरडले. तो घाबरून गर्रकन वळला, उलटा उलटा निघाला आणि थेट सासूबाईंनी मळून ठेवलेल्या कणकेच्या परातीत बसला. तो उठला तेव्हा परातही उठली.

"इंदूर!" मामंजी एवढंच म्हणाले.

बाळगुटीचा प्रसंग मात्र मी अजूनही हसल्याशिवाय सांगू शकत नाही. माझी आई रोज सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा असं दुधात उगाळून चाटवायची. मुलगी कडूजहर तोंड करायची. एका सकाळी मामंजी पुढे आले. "सरकारांच्या तोंडी जे जाईल ते आधी कुणीतरी चाखून बघायला हवं. दरबारचा नियमच आहे तो."

"अहो, बाळाचं औषध ते," आई म्हणाली.

"म्हणूनच," मामंजी म्हणाले, आणि बोटभर चाटण घेतलं. वेखंडाचं वेगळं, जायफळाचं वेगळं. बाळहिरड्याची चव त्यांना नीट लागेना, म्हणून तो पुन्हा घेतला. आणि पुन्हा. बाळहिरड्याचं काम काय असतं ते ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना सांगायला नको. दुपारपर्यंत मामंजींच्या परसाकडे इतक्या फेऱ्या झाल्या, की शेवटी सासूबाईंनी तांब्या तिथेच नेऊन ठेवला. संध्याकाळी पार गळून गेलेले, पण आवाज करारी. "चिंता नाही. विष नव्हतं."

आणि तो भोंगा! बिर्लानगरकडच्या गिरणीचा भोंगा वारा असला की आमच्या लष्कर भागात ऐकू येई. सरकार दचकून उठत आणि रडून घर डोक्यावर घेत. मामंजींनी पगडी घातली, टांगा केला आणि गेले गिरणीवर. फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणाले, "हमारे यहाँ सरकार आराम में हैं. भोंगा ज़रा धीमा रखिए." पहारेकरी भला माणूस. त्यानं सलाम ठोकला आणि म्हणाला, "बोल देंगे, हुज़ूर." दुसऱ्या दिवशी भोंगा तसाच वाजला. मुलगी तशीच उठली. पण मामंजी कानामागे हात धरून ऐकत राहिले आणि समाधानानं म्हणाले, "बघा, माणसं ऐकतात. सांगणारा पाहिजे."

अशी मजा चालू असताना एक दिवस हे कचेरीतून आले आणि टोपी खुंटीला न लावता तशीच हातात धरून उभे राहिले. मध्य भारतही मोडणार होतं. आता मोठं मध्य प्रदेश राज्य होणार, राजधानी भोपाळ, आणि ह्या खेपेला सहा महिन्यांसाठी नाही, कायमची. यांची बदली तिकडे. क्वार्टर मिळतोय, पण कुटुंबासह लवकर राहायला गेलं नाही तर दुसऱ्याला देतील.

"बरं," मामंजी म्हणाले. "तुम्ही जा."

एवढं बोलून ते उठले आणि आपल्या जागी जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पोळी लाटत होत्या, त्यांचं लाटणं थांबलं होतं. "ती आल्यापासून रोज दाढी करतात गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले. आमच्या त्या धुरकट स्वयंपाकघरात कोण कशासाठी डोळे पुसतंय ते कधी कळायचं नाही.

पण मला जे कळायचं ते कळलं होतं. मुलगी गेली की हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार, आणि मग कुणाच्या हाकेला इकडे तोंड करणार नाही. मी यांना सांगून टाकलं, "जायचं तर सगळ्यांनी. नाहीतर तुम्ही एकटे जा आणि खाणावळीत जेवा."

"अगं, पण बाबा ऐकणार आहेत का?"

"ते ग्वाल्हेरचे आहेत. मीसुद्धा इंदूरची आहे."

झालं, मी कंबर कसली. रोज एक हल्ला. चहाबरोबर म्हणायची, "मामंजी, भोपाळला केवढा मोठा तलाव आहे म्हणे."

"तलावात म्हशी बसतात."

"हवा थंड असते."

"आम्हाला गरमीची आदत आहे."

"नात विसरेल हो तुम्हाला."

 दुसऱ्या दिवशी नवीन तटबंदी तयार. ती मात्र भक्कम होती. "माझं एक सोडा, सुनबाई. तुमच्या सासूबाई ह्या घरात नवरी होऊन आल्या. त्यांना हे घर सोडवणार नाही. त्या बोलत नाहीत, पण मला कळतं. त्यांच्या जिवाला लागेल." यापुढे मी तरी काय बोलणार?

एकदाच त्यांचा बुरूज जरा ढासळला. मुलगी त्यांच्या मांडीवर बसून त्यांचं बोट चावत होती. नुकतेच दात येत होते. त्या दातांचे वण ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असत. तिच्याकडे बघत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ग्वाल्हेरला मला प्रत्येकाची जागा ठाऊक आहे. भोपाळला माझीच जागा मला कोण सांगणार?"

तेव्हा मी ठरवलं, की आता माघार नाही.

लेकीचा पहिला वाढदिवस आला. हे भोपाळला जाऊन क्वार्टर बघून परत आले होते, सामानाची बांधाबांध सुरू होती, आणि मामंजींनी जाहीर केलं, "वाढदिवशी दरबार भरेल." माजघर रिकामं केलं, कुठून कुठून सतरंज्या आणल्या. मधोमध लोड, तक्क्या आणि दुपटं. चार जुने मानकरी आले, घरचे उपाध्येही आले. कुणाच्या अंगरख्याला कसरीची भोकं, कुणाचा चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यात एक म्हातारे सरदार होते. त्यांचे गुडघे असे वाजत, की ते बसताहेत हे शेजारच्या घरात कळे. मामंजींनी त्यांना गादीच्या अगदी उजव्या हाताला बसवलं.

एवढ्यात यांच्या कचेरीचे नवे सुपरिंटेंडेंट आले. ते जबलपूरकडचे, दप्तर भोपाळला हलवण्यासाठी आलेले. क्वार्टर कुणाला द्यायचा ते त्यांच्या हातात. यांनी म्हणून तर मुद्दाम बोलावलेलं. सूट, टाय, लखलखीत बूट. हे लगबगीनं पुढे झाले, पण मामंजी त्यांच्याही पुढे.

"आइए, तशरीफ़ लाइए. आपके दादाजी किस ओहदे पर थे?"

"जी, दादाजी की तो किराने की दुकान थी," साहेब सरळपणे म्हणाले.

"बहुत अच्छा," मामंजी अदबीनं म्हणाले, आणि तितक्याच अदबीनं त्यांना दाराशी, चपलांच्या ढिगाला लागून बसवलं. यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओवाळणीचं तबक घेऊन उभी होते, मी वर आढ्याकडे पाहिलं.

सरकारांना गादीवर बसवलं. मामंजी काठी टेकून बाजूला उभे. सरकारांनी क्षणभर सभेचं निरीक्षण केलं. मग तक्क्या ढकलला, पालथ्या झाल्या, आणि निघाल्या रांगत. सरदारांच्या वाजणाऱ्या गुडघ्यांवरून, उपाध्यांच्या सोवळ्यावरून, थेट दाराकडे. चपलांच्या ढिगात त्यांनी बैठक मारली, साहेबांचा एक बूट मांडीवर घेतला आणि त्याची नाडी चघळायला लागल्या.

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"आता हो?" सरदार म्हणाले. "उचलून आणा की पोरीला."

मामंजींची मान ताठ झाली. "दरबारातून गादी उचलत नाहीत, सरदारसाहेब. गादी जागेची नसते. सरकार बसले ती गादी आणि गादी असेल तिथे दरबार. उठा सगळे. बैठक फिरवायची आहे."

आणि खरोखरच फिरवली. सगळी सभा उठली. वरचं खाली झालं, खालचं वर. साहेब जागचे हललेसुद्धा नाहीत आणि पहिले मानकरी झाले. सरदार पार शेवटी, पाण्याच्या माठाजवळ गेले. "अहो, तीन पिढ्यांत आमच्यावर ही वेळ आली नव्हती," ते कुरकुरले.

"माझ्यावरही नव्हती," मामंजी म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम."

साहेब तर खूश. एका पायात बूट, एक सरकारांच्या तोंडात, आणि ते हसून हसून डोळे पुसत होते. "भई वाह, ऐसी इज़्ज़त तो भोपाल में भी नहीं मिली!"

त्या एका क्षणात मला वाट दिसली. तबक तसंच हातात धरून मी सगळ्या पुरुषमंडळींसमोर पुढे झाले. सासऱ्यांसमोर असं बोलायची रीत नव्हती. पण इंदूर ते इंदूर.

"मामंजी, गादी असेल तिथे दरबार ना?"

"अर्थात."

"मग गादी ह्या सोमवारी भोपाळला निघते आहे. बैठक मांडायला तिथे कोण येणार?"

चारही मानकरी मामंजींकडे बघायला लागले. मामंजी दाराशी बसलेल्या नातीकडे बघत होते. तिनं नाडी तोंडातून काढली आणि त्यांच्याकडे बघून आपले ते दोन दात दाखवले.  मी म्हटलं, जिंकले. पण इतक्या वर्षांचा दरबारी माणूस तो. शेवटची तटबंदी राखून ठेवलेली होती.

"गादीचं खरं आहे, सुनबाई," ते हळूच म्हणाले. "मी आलोही असतो. नाही कसं म्हणू? पण तुमच्या सासूबाई. ह्या घराशी त्यांचा जीव जडलेला आहे. त्यांना इथून उठवणं माझ्यानं होणार नाही. त्या कधी बोलायच्या नाहीत, पण…"

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून, मानकऱ्यांच्या, उपाध्यांच्या आणि जबलपूरच्या साहेबांच्या देखत, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान न ठेवता, जन्मात चार माणसांसमोर तोंड न उघडलेल्या सासूबाई कडाडल्या, "अहो, पण मला विचारलंय कुणी? हयात गेली माझी ह्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात धूर गिळण्यात! चला की मुकाट्यानं भोपाळला!"